फळा कुठे टांगलास?

३ फेब्रुवारी

चि. वकीलबाईस,
मामाचे आशीर्वाद.

या महिन्याभरात माझ्या हातांनी झालेल्या वस्तू अशा. कॉम्प्रेसरसाठी लाकडी पेटी, आतून जुनं ब्लँकेट ठोकलेली. त्या यंत्राचा आवाज आता खुर्चीत झोपी गेलेल्या पेशंटच्या घोरण्याहून कमी येतो. कवळ्यांचे साचे ठेवायला कप्प्यांचं कपाट, प्रत्येक कप्प्याचा तळ किंचित मागे उतरता, म्हणजे कुणाचं हसू घरंगळून फरशीवर फुटायला नको. हात धुवायच्या नळाला गुडघ्याने ढकलायचा दांडा. लहान मुलांना खुर्चीवर चढायला पायरी, कोपरे घासून गोल. आणि एक फळा.

पहिल्या चार वस्तू इथे राहतील. फळा तुझ्याकडे निघालाय.

ताईकडून सगळं कळलं. चार वर्षं रिसेप्शनवर काढून दवाखान्याची मॅनेजर झालीस, आणि मला कळतंय तुझ्या आईकडून! फोन केला नाहीस याचा राग नाही. फोनवर माणूस नुसतं हो हो करतं. पत्रात खोटं बोलायचं म्हटलं तरी बसून विचार करावा लागतो, म्हणून मला पत्र बरं वाटतं. उत्तर पत्रानेच दे.

ताई असंही म्हणाली की तुमच्या मोठ्या बाई आणखी दोन शाखा काढतायत आणि जूनमध्ये तिन्ही दवाखान्यांवर एक संचालनप्रमुख नेमणार आहेत. त्यावर तू म्हणालीस म्हणे, "मला कुठली देतायत, मी थोडीच दातांची डॉक्टर आहे?" लहानपणी सगळ्यांशी वाद घालायचीस म्हणून तुला वकीलबाई म्हणतो, आणि स्वतःची बाजू अशी मांडतेस? हे वाक्य पुन्हा तोंडातून काढलंस तर कान पिरगाळीन, मग तू कितीही मोठी झालेली अस. मी तरी कुठे डॉक्टर आहे? या दवाखान्यात पहिल्यांदा आलो तो खुर्ची दुरुस्त करायला. खुर्ची खाली जात नव्हती. ती करताना दिसलं, दिवा नीट फिरत नाही. दिवा करताना दिसलं, ट्रे डॉक्टरांच्या डाव्या हाताला आहे आणि डॉक्टर उजवखोरे. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "उद्याही या." तो उद्या अजून संपलेला नाही. आज मालाच्या खरेदीपासून माणसांच्या सुट्ट्यांपर्यंत सगळं माझ्या हातून जातं. डॉक्टर दात बघतात, दवाखाना मी बघतो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. ते तुला येतं. जागा तुझी आहे, फक्त ते त्यांना अजून माहीत नाही.

आता फळ्याविषयी. प्रत्येक खुर्चीला एक भोक, भोकात खुंटी. हिरवी म्हणजे खुर्ची तयार. पिवळी म्हणजे पेशंट बसलाय. लाल म्हणजे काम ठरल्या वेळेपुढे गेलंय. रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर टांग, पेशंटना दिसेल असा. आमच्याकडे तसाच आहे. वाट बघणाऱ्या माणसाला घड्याळ चिडवतं, फळा समजावतो. खिळे मारू नकोस. स्क्रू सोबत दिलेत, पितळी आहेत.

तुझा
मामा

१४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फळा पोचला. खोक्यातून काढताना आमची सगळी माणसं गोळा झाली. खुंट्यांवरचं पॉलिश बघून छोट्या डॉक्टर म्हणाल्या, "हे फर्निचर आहे की दागिना?" तुला सांगितलं नसतं, उगाच फुगशील, पण सांगायलाच हवं, कारण तू विचारणार.

तू सांगितलंस तिथेच टांगलाय. पितळी स्क्रूंनी. पेशंट फळ्याकडे फार लक्ष देतात. फारच लक्ष देतात. वेटिंग रूममध्ये आता कुणी मासिकं वाचत नाही.

आमच्याकडे तीन खुर्च्या आणि तीन डॉक्टर आहेत, हे तुला ठाऊक आहेच. एकीवर मोठ्या बाई, एकीवर छोट्या डॉक्टर, आणि तिसरीवर दाढवाले डॉक्टर. दाढवाले म्हणजे रूट कॅनालची अवघड कामं करणारे. वयाने मोठे, हाताने सावकाश, पण त्यांनी केलेली दाढ पुन्हा दुखून आलेली मी चार वर्षांत बघितली नाही. ते जरा अबोल झालेत. थंडीमुळे असेल.

तुझ्याकडे दोन खुर्च्या आहेत ना? आणि डॉक्टर एकच? सहज विचारलं.

तुझी
वकीलबाई

२२ फेब्रुवारी

चि. वकीलबाईस,
आशीर्वाद.

डॉक्टर एकच. पुरतात.

पेशंट फळ्याकडे लक्ष देतात हे वाचून समाधान झालं; आश्चर्य वाटलं नाही. वस्तू डोक्याने बनवली की ती माणसांशी बोलते. त्या खुंट्या मी लेथवर उतरवल्यात, बाजारातल्या नव्हेत. प्रत्येकीची मान जरा बारीक आहे, ती का ते सांगतो. ग्लोव्ह घातलेल्या बोटांना गुळगुळीत खुंटी धरता येत नाही. हे कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या आलं.

दाढवाल्यांचं मनावर घेऊ नकोस. डॉक्टर लोक हवेसारखे असतात, कधी गरम कधी गार. त्यांच्या खुर्चीची गादी तपास. दहापैकी आठ डॉक्टरांचा राग कमरेतून येतो.

आणि एक कर. मोठ्या बाईंच्या कानावर घाल की फळा कुणी केला. मला कौतुक नको. पण जूनमध्ये निवड करताना त्यांना कळलेलं बरं की तुझ्या मागे कोण उभं आहे.

मामा

१० मार्च

मामा,

घाईत लिहितेय. बाईंच्या कानावर घातलं. म्हणाल्या, "तुमचे मामा कुठल्या दवाखान्यात असतात?" मी पत्ता दिला, त्यांनी लिहून घेतला. खूश झालास ना?

बाकी सगळं छान. अगदी छान. कामात आहे. नंतर सविस्तर लिहिते.

वकीलबाई

२ एप्रिल

चि. वकीलबाईस,

"अगदी छान." तू दुसरीत असताना गणिताच्या पेपराबद्दल हेच शब्द वापरले होतेस, आणि ताईने नंतर तो पेपर गादीखालून काढला होता.

काय झालंय?

मामा

२० एप्रिल

चि. वकीलबाईस,

उत्तर नाही. ठीक आहे. आता एकच प्रश्न विचारतो, खरं लिही.

फळा कुठे टांगलायस?

मामा

२९ एप्रिल

प्रिय मामा,

तुला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारत नाही, आईला पोटात काही ठेवता येत नाही. बस, पाणी पी, मग वाच.

तुझा फळा रिसेप्शनच्या भिंतीवर आठ दिवससुद्धा सुखाने नांदला नाही. तुझ्याकडे एक डॉक्टर आहेत, मामा. त्यांची खुंटी लाल झाली तर पेशंट म्हणतात, आज उशीर आहे. आमच्याकडे तीन खुंट्या शेजारीशेजारी. पेशंटनी पहिल्याच दिवशी तुलना सुरू केली. छोट्या डॉक्टर सदा हिरव्या-पिवळ्या, बाई मधूनच लाल, आणि दाढवाले सकाळपासून लाल ते संध्याकाळपर्यंत लाल. आमच्याकडे एक कवळीवाले आजोबा येतात, कवळी टोचते म्हणून. खरं तर त्यांना घरी करमत नाही. ते पुढच्या खुर्चीत बसून मोठ्याने बातम्या द्यायला लागले. "आला! तीन नंबर परत लाल आला! ज्याला सुटायचंय त्याने दोन नंबर धरावा!"

लोक माझ्याकडे येऊन म्हणायला लागले, "आम्हाला त्या हिरव्या डॉक्टरांकडे द्या." एका बाईंनी तर विचारलं, "लाल डॉक्टर शिकाऊ आहेत का?" आणि हे विचारताना दाढवाले मागे उभे होते.

त्यांनी ते ऐकलं. फळ्याजवळ गेले, आपली लाल खुंटी काढली, खिशात टाकली आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. बाई मला केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "तीस वर्षं दाढा करणारा माणूस तुमच्या एका लाकडाच्या तुकड्याने घालवलात. ते परत आले तर जूनचं बोलू. नाहीतर तुम्ही रिसेप्शनवर बऱ्या होतात."

"बऱ्या होतात!" मामा, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग नळ बंद केला आणि त्यांच्या घरी गेले.

दार त्यांनीच उघडलं. मी म्हटलं, "डॉक्टर, माफी मागायला आलेय."

म्हणाले, "माफी कशाला? फळा खरं सांगतो. मला उशीर होतो."

"तुमचा हात सावकाश आहे, पण तो चांगला आहे म्हणून..."

"सावकाश नाही," ते एकदम चिडले. "हात सावकाश नाही माझा. मी थांबतो. पेशंट तोंड उघडून बसलेला असतो, मी हत्यारं मागतो, उत्तर येतं, मशीनमध्ये आहेत. किती दिवस सांगतोय. तुमच्या फळ्यावर थांबण्याची खुंटी कुठाय?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून हत्यारं धुण्याच्या खोलीत उभी राहिले. हत्यारं वाफेने शुद्ध करणारं ते मशीन, ऑटोक्लेव्ह, आमच्याकडे एकच आहे. आणि आमची रीत अशी की ते पूर्ण भरल्याशिवाय चालू करायचं नाही. अर्धं भरून चालवलं तर वीज वाया, पाणी वाया. ही रीत कुणी घातली कुणाला माहीत नाही, पण सगळे ती पाळतात, अगदी इमानेइतबारे. तपासणीचे आरसे आणि चिमटे आमच्याकडे ढिगाने आहेत, त्यामुळे छोट्या डॉक्टरांचं कधी अडत नाही. पण रूट कॅनालच्या बारीक हत्यारांचे संच दोनच. दोन्ही वापरून झाले की ते मशीनमध्ये जाऊन बसतात आणि मशीन भरायची वाट बघतात. म्हणजे दाढवाले डॉक्टर आपल्याच हत्यारांची वाट बघत बसतात, ती हत्यारं आरशांची वाट बघत बसतात, आणि बाहेर आजोबा ओरडतात, "तीन नंबर लाल!"

लाल खुंटी डॉक्टरांची नव्हती, मामा. मशीनची होती.

मी तुझा फळा उतरवला. (स्क्रू जपून ठेवले, ओरडू नकोस.) धुण्याच्या खोलीत, मशीनच्या समोर टांगला. खुर्च्यांची नावं खरवडून तिथे हत्यारांच्या संचांची नावं लिहिली. हिरवी म्हणजे संच तयार, पिवळी म्हणजे वापरात. लाल म्हणजे धुवायला आलाय आणि त्याच्यामागे तयार संच एकही उरलेला नाही. लाल लागली की मशीन लगेच चालू, अर्धं असो की पाव. आणि एक पांढरी खुंटी वाढवली, "मशीनमध्ये". ती मीच कोरली, झाडूच्या दांड्यातून. बघू नकोस, तुला ताप येईल.

आठवड्याने दाढवाल्यांना निरोप धाडला, नुसतं बघायला या. ते आले, धुण्याच्या खोलीत गेले, फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग खिशातून ती लाल खुंटी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "ही इथे लागेल तुम्हाला. मला नको." आणि हात धुवायला गेले.

आता त्यांचे पेशंट वेळेवर आत जातात. आजोबांना बातमी उरलेली नाही, ते परत मासिकं वाचतात आणि माझ्याकडे रागाने बघतात.

तुला आधी सांगितलं नाही, कारण तू तो फळा किती मनापासून केलास ते मला दिसत होतं.  रागावलास तरी चालेल, पण लिही.

वकीलबाई

१८ मे

मामा,

अजून उत्तर नाही. रुसलास का? फळ्याला हात लावला म्हणून? आईला विचारलं तर ती शपथेवर सांगते की तिने तुला काही सांगितलंच नाही, तिला तर फळा म्हणजे शाळेतला वाटत होता. मग तुला कळलं कुठून?

पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. माझ्याशिवाय बाहेरचे दोघं उमेदवार आहेत म्हणे, एक डॉक्टर, एक व्यवस्थापन शिकलेला, आणि तिघांना एकत्रच बसवणार आहेत. माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे? झाडूच्या दांड्याची खुंटी?

रुसायचं असेल तर जूननंतर रूस.

व.

२५ मे

चि. वकीलबाईस,
आशीर्वाद.

रुसलो नाही. माझं स्वतःचं एक काम निघालं होतं. ते आज निकालात काढलं. कळलं कुठून, तेही जूननंतर.

आता तुझ्या पत्रातल्या चुका. एक, खरवडायची गरज नव्हती. ओल्या फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन पुसलं असतंस तर अक्षरं निघाली असती. दोन, झाडूचा दांडा फार मऊ असतो, वाफेच्या खोलीत महिन्यात फुगेल आणि भोकात अडकेल. सोबत पांढरी खुंटी पाठवतोय, सागाची. तीन, "माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे" हे वाक्य.

मुलाखतीत फळ्याचं कौतुक करू नकोस. फळा कुणालाही करता येतो (खरं म्हणजे येत नाही, पण ते जाऊ दे). फक्त एवढं विचार: "नव्या दोन दवाखान्यांत डॉक्टर कशासाठी थांबणार आहेत, ते आपण खुर्च्या घ्यायच्या आधी बघितलंय का?" आणि गप्प बस. त्या व्यवस्थापन शिकलेल्याला आणि त्या डॉक्टरला उत्तर देऊ दे. मग तू दे.

पाठ सरळ. साडी नेसणार असशील तर पदराला पिन लाव, मुलाखतीत पदर सावरणारं माणूस घाबरलेलं दिसतं.

मामा

११ जून

मामा!!

मिळाली! मिळाली! तिन्ही दवाखान्यांची संचालनप्रमुख! शब्दच इतका लांब आहे की पाटीवर मावणार नाही.

तुझा प्रश्न विचारला. व्यवस्थापनवाल्याने पाच मिनिटं उत्तर दिलं, त्यात "प्रक्रिया" हा शब्द इतक्या वेळा आला की दाढवाले (ते निवड करणाऱ्यांत होते!) जांभई द्यायला लागले. मग मी सांगितलं की नव्या जागांचा नकाशा मी बघितलाय, हत्यारं धुण्याची खोली जिन्याखाली काढलीय आणि तिथे मोठं मशीन एकच बसेल. एका खुर्चीचे पैसे वाचवा आणि प्रत्येक जागी दोन छोटी मशीनं घ्या. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. दाढवाले एवढंच म्हणाले, "बाहेर कशाला शोधताय?"

कागद हातात आलाय, तेवीस तारखेला सही. पगार महिना एक लाख पंचावन्न हजार. मी जरा चाचरत विचारलं की थोडा वाढेल का, तर बाई म्हणाल्या, "या जागेला आम्ही एवढाच ठरवलाय." आत्तापेक्षा खूपच आहे, मामा. आईने आकडा ऐकून मला पुन्हा सांगायला लावला. सही करून टाकते.

आता सांग. तुला कळलं कुठून?

तुझी
(संचालनप्रमुख) वकीलबाई

१५ जून

चि. वकीलबाईस,
पाठ थोपटतो. इथून जितकी जोरात थोपटता येईल तितकी.

हे पत्र पोस्टाने न पाठवता आमच्या कॅप-कवळ्या घेऊन तिकडे येणाऱ्या लॅबच्या माणसाहाती देतोय. तेवीसच्या आत पोचायला हवं, म्हणून. सही करायच्या आधी सगळं वाच.

एप्रिलच्या मध्याला तुमच्या मोठ्या बाई आमच्या दवाखान्यात आल्या. तू पत्ता दिला होतास ना. मीच द्यायला सांगितलं होतं, म्हणजे हे मी माझ्याच हाताने घडवलं. पहिल्या पत्रातल्या माझ्या हातच्या वस्तूंच्या यादीत हे टाकायचं राहिलं. त्यांनी सगळं फिरून बघितलं. पेटी बघितली, साच्यांचं कपाट बघितलं, गुडघ्याचा नळ स्वतः चालवून बघितला. समजदार बाई आहेत. मग चहा घेताना म्हणाल्या, "तुमचा फळा आमच्याकडे फारच उपयोगी पडला. धुण्याच्या खोलीत लावल्यापासून तर..."

मी म्हटलं, "कुठल्या खोलीत?"

त्यांनी वर्णन केलं. संचांची नावं, चौथी खुंटी, मशीनच्या समोर. मी म्हटलं, "बाई, तो माझा फळा नव्हे." त्यांना वाटलं मी विनय करतोय. मला विनय कधी जमला नाही, तुला माहीत आहे. मग त्यांनी त्यांना जे बोलायचं होतं ते बोलून टाकलं आणि विचार करायला मेअखेरपर्यंत मुदत दिली.

मोह झाला नाही असं लिहिलं तर ते बसून विचार करून लिहिलेलं खोटं होईल. एका डॉक्टरच्या, दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात माझे केस पांढरे झाले. तीन दवाखाने हातात मिळतायत, त्यातले दोन कोरे, पहिल्या स्क्रूपासून! मी रात्रीच्या जेवणात मामीला म्हटलं, भाची माझ्या हाताखाली तयार होईल. मामी म्हणाली, "फार सोयीचा विचार केलात हो." आणि भांडी उचलून आत गेली.

मग तुझं पत्र आलं. ते वाचून मी आमच्या धुण्याच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. आमच्याकडेही मशीन भरल्याशिवाय चालू होत नव्हतं. इतकी वर्षं मी फळा रंगवत होतो आणि माझ्या पाठीमागे हत्यारं वाट बघत बसली होती. आता बसत नाहीत. आमच्याकडेही आता फळा आत आहे, आणि पांढरी खुंटी सागाची आहे.

पंचवीस मेला बाईंना फोन केला. म्हटलं, "तुम्हाला हवं ते माणूस तुमच्याच दवाखान्यात आहे, तुम्ही पत्ता चुकीचा लिहून घेतलात." आणि हेही सांगितलं की तुमची निवड होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही, निवड झाली की भाचीला सगळं सांगणार, आकड्यासकट. त्या हसल्या. म्हणाल्या, "सांगा." बाई वाईट नाहीत. मालक आहेत. परक्या माणसाला किंमत विचारतात आणि घरच्याला सांगतात.

आधी मला विचारलं म्हणून तू दुसरी ठरत नाहीस. त्यांनी पाटी वाचली होती, माल नंतर बघितला. माल तुझा होता.

तेव्हा तेवीस तारखेला खुर्चीत नीट बस, पेन पुढे केलं तर घे, पण टोपण काढू नकोस. "या जागेला एवढाच ठरवलाय" असं त्या पुन्हा म्हणतील. मग आवाज न चढवता खालचं वाच. मोठ्याने वाचलंस तरी हरकत नाही, मी बाईंची परवानगी घेतलेली आहे.

मी नाकारलेली जागा: तिन्ही दवाखान्यांचा संचालनप्रमुख.
त्या जागेला त्यांनी स्वतः, आपल्या तोंडाने, मी न मागता लावलेला पगार: महिना दोन लाख चाळीस हजार.

तुझा
मामा